लाकडी शिडाचं जहाज गोदीत दुरुस्तीला जाण्याआधी स्वयंसेवकांना नेमकं काय काम असतं? सुतारकाम येत नसेल तर जाण्यात अर्थ आहे का?

खुशाल जा. गोदीआधीच्या कामात करवत-रंधा फारसा लागतच नाही. तुमची शंका अशी की गोदीत कसबी सुतार असताना आधीचे दोन महिने हौशी माणसं बोलावून काय साधतं. मी अशा एका जुन्या जहाजावर सुट्टीच्या दिवशी कामाला जातो, त्यामुळे हे गणित जवळून पाहिलंय.

गोदीचं भाडं दिवसावर चढतं, कारागिरांची मजुरी वेगळी. शिवाय लाकडी जहाज फार दिवस कोरडं ठेवता येत नाही. पाण्याबाहेर फळ्या वाळून आकसतात आणि त्यांच्यामधल्या फटी उघडतात, म्हणून बाहेरून ओली पोती लावावी लागतात किंवा सतत पाणी मारावं लागतं. म्हणजे घाई पैशाचीही आणि लाकडाचीही. अशा वेळी सुताराला सडकी फासळी (सांगाड्याचं बाकदार लाकूड) गाठायला आधी रंगाचे डबे, दोरांची वेटोळी आणि बिछान्याच्या फळ्या हलवाव्या लागल्या, तर ते कुणालाच परवडत नाही. ती हमाली आपली. नुसतं शरीर पुरतं, कसब लागत नाही.

शिडं उतरवायची, पण घडी घालण्याआधी पूर्ण वाळवायची, नाहीतर बुरशी धरते. उंचावरच्या आडव्या काठ्या उतरवणं जाणत्यांचं काम. खाली दोरावर जोर लावायला माणसं हवीतच. सगळ्यात कंटाळवाणं म्हणजे तळातलं बॅलास्ट, म्हणजे जहाज सरळ राहावं म्हणून ठेवलेल्या लोखंडाच्या किंवा शिशाच्या लाद्या, हातोहात वर काढणं. कंबर मोडते, पण त्यामागे कारण आहे. पाणी जहाजाला सगळीकडून उचलून धरतं. गोदीत मात्र बहुतेक भार कण्याखालच्या, म्हणजे तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब तुळईखालच्या, ठोकळ्यांवर येतो. आत वजन जितकं कमी, तितका सांगाड्यावरचा ताण कमी. तशीही लाकडी जहाजाची दोन्ही टोकं वर्षानुवर्षं खाली झुकत जातात, कारण टोकांना मधल्या भागाइतका पाण्याचा आधार नसतो. १७९७ साली पाण्यात उतरलेल्या 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी नौदलाच्या लाकडी जहाजाचा कणा १९९०च्या दशकातल्या दुरुस्तीआधी फूटभराहून जास्त वाकला होता.

आता चिठ्ठ्या लावायचं काम. हे नवखे हलक्यात घेतात आणि माझ्या मते निम्मी लढाई इथेच असते. लाकडी कप्पी काढली की ती दिसायला शेजारच्या कप्पीसारखीच असते, पण आतली चाक-खाच वेगळ्या जाडीच्या दोरासाठी झिजलेली असते. जागा चुकली की दोर अडकतो. म्हणून आधी फोटो, मग गाठ सोडायची (कापायची नाही, घाई असली तरी), आणि लगेच धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी बांधायची: 'मुख्य डोलकाठी, डावी बाजू, खालून दुसरी'. कागदी चिठ्ठी उपयोगाची नाही. दोरांना लावलेलं डांबर आणि तेल ती खाऊन टाकतं. तेच वहीत लिहायचं, आणि भाग कुठल्या खोक्यात गेला तेही. आणि वही जहाजावर ठेवायची नाही. 'कटी सार्क' हे १८६९ सालचं जहाज, लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्यांचं. मे २००७ मध्ये जतनाचं काम चालू असताना त्याला मोठी आग लागली. डोलकाठ्या, बरंच सामान आणि पुष्कळ फळ्या आधीच काढून दुसरीकडे नेल्या होत्या, म्हणून तेवढ्या वाचल्या. आगीचं कारण चौकशीत निघालं ते असं: कचरा ओढायचं यंत्र बहुधा चालूच राहिलं होतं. लाकडी जहाजावरून निघताना प्रत्येक प्लग उपटायचा, हे त्यामुळे सगळीकडे बजावून सांगतात.

यानंतर खरं मोलाचं काम येतं: सडलेलं शोधणं. लोकांना वाटतं समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं. पाण्याखाली लाकूड पोखरणारा टेरेडो असतो खरा (नाव जहाजकिडा, पण जात शिंपल्यांची), मात्र पाण्यावरच्या भागाचा शत्रू आहे पाऊस. गोडं पाणी डेकच्या फटीतून झिरपतं, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात साचतं आणि तिथे बुरशी लागते. खारं पाणी त्या बुरशीला मानवत नाही. जुने जहाजबांधे म्हणूनच फासळ्यांमधल्या पोकळीत मीठ भरून ठेवत.

तर हातात लाकडी हातोडी आणि बोथट टोच्या घेऊन फासळी फासळी ठोकत जायचं. धड लाकूड टणक वाजतं, सडलेलं भदभद वाजतं. तासाभरात कानाला फरक कळू लागतो. संशय आला की टोच्या हलकेच दाबायचा. धड लाकडात टोक अडतं, सडक्यात ते विरोध न करता आत जातं आणि बाहेर येताना तपकिरी भुगा घेऊन येतं. खडूने गोल करायचा, फोटो काढायचा, वहीत नोंद करायची. बोल्टभोवती काळा डाग दिसला तर तोही लिहायचा, कारण गंजणारं लोखंड आजूबाजूचं लाकूड पोखरून मऊ करतं. कोरून पाहायचा मोह आवरा. तिथून पुढचं सुताराचं.

आणि माझं ठाम मत, ज्यावरून आमच्याकडे दरवेळी वाद होतो: गोदीत जाण्याआधी रंग लावू नका. चार डबे रंग मारले की फोटोत जहाज नवंकोरं दिसतं आणि देणगीदार खूश होतात, पण नेमक्या त्या कातडीखाली भेगा आणि ओल लपते. खरवडून उघडं करा, झाकू नका.

खरवडतानाही जपून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तपासल्याशिवाय कोरडं घासायचं नाही. ओलं खरवडायचं, योग्य मास्क लावायचा आणि कपचे गोळा करून घ्यायचे. बिल्जमधला, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाशी साचलेला, तेलकट गाळ उपसून डब्यात भरायचा, पाण्यात ओतायचा नाही. नांगराच्या साखळीची बंद कोठी किंवा टाकी यांत एकट्याने कधीही उतरू नका. गंजणारं लोखंड तिथला प्राणवायू खाऊन टाकतं आणि आत गेलेल्याला ते कळतही नाही.

नाव देण्याआधी तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा: विमा आहे का, शिशाची तपासणी झालीय का, आणि नोंदवही कोण सांभाळतं. तिसऱ्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं, तर वही तुम्हीच घ्या. सुतारकाम न येणाऱ्याला यापेक्षा चांगलं काम मिळणार नाही.

एक मात्र विचारून ठेवा, जहाज परत पाण्यात उतरेल त्या आठवड्यातही बोलावतील का ते. वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत फटींतून पाणी आत येतच राहतं, आणि पहिल्या रात्री पंपावर आळीपाळीने बसायला माणसं कायम कमी पडतात.