ओटीपोटाचे रेडिएशन आणि उतरलेल्या पांढऱ्या पेशी

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे असून प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी त्यांना हार्मोनची इंजेक्शने आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथींसह रेडिएशन सुरू आहे. चौथ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी ७,१०० वरून ३,२०० वर (न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के) आणि हिमोग्लोबिन १३.२ वरून ११.६ वर आले; प्लेटलेट्स १ लाख ७० हजार आहेत. उपचार थांबवावेत का? पपईच्या पानांचा रस द्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ या आकड्यांवरून उपचार थांबवण्याचे कारण दिसत नाही, आणि मध्येच पडलेल्या खंडाने रेडिएशनचा परिणाम उणावू शकतो. टक्केवारीवरून हिशेब केल्यास न्यूट्रोफिल सुमारे २,५०० आणि लिम्फोसाइट ३८४ भरतात. जिवाणूंना प्रथम तोंड देणाऱ्या न्यूट्रोफिलची संख्या पुरेशी आहे. लिम्फोसाइट मात्र किरणांपुढे रक्तातील सर्वांत नाजूक पेशी असल्याने ओटीपोटातून वाहणाऱ्या रक्तातच त्या नष्ट होतात, शिवाय प्रौढ माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचा मोठा वाटा कमरेच्या हाडांत असतो. लिम्फोसाइट पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, म्हणून उपचार संपल्यावरही आकडा कमी दिसला तर दचकू नये. किरण प्रोस्टेटपुरतेच ठेवले असते तर ही घट कमी झाली असती हे खरे. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, लसिका ग्रंथींनाही किरण दिलेल्या अधिक जोखमीच्या रुग्णांत पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा माग ठेवणारी रक्तातील खूण) पुन्हा वाढण्याचे प्रमाण कमी आढळले.

हिमोग्लोबिनचा दोष मी रेडिएशनपेक्षा इंजेक्शनांना देईन. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे चार आठवड्यांच्या किरणांनी एवढी उतरण सहसा होत नाही. या इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटल्यावर मात्र हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने खाली येते. म्हणून फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. लघवीतून किंवा शौचावाटे रक्त जात असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

पपईच्या रसाची ख्याती डेंग्यूतील प्लेटलेट्सपुरती आहे. वडिलांच्या प्लेटलेट्स मर्यादेत आहेत, आणि या रेडिएशनमध्ये पोट आधीच बिघडलेले असते, त्यामुळे तो टाळलेलाच बरा. पुढील सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) केव्हा करायची हे रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, अथवा अंगावर नागीण उठली, तर त्याच दिवशी दाखवावे, आणि कोणतीही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.