लिहितेय तर रोज, पैसे कधी येणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. शेतीवर मराठीत ऑनलाइन लेख लिहिते. लोक उघडतात आणि लगेच निघून जातात. अ‍ॅडसेन्स लावलंय, म्हणजे गूगलच्या जाहिराती, पण बँकेत अजून रुपया नाही. आता एका अ‍ॅपवाल्यांनी सगळे लेख एकरकमी मागितलेत, मेलमध्ये लिहिलंय 'सर्व हक्क कायमस्वरूपी आमचे'. देऊन टाकू का? एका लेखाची सुरुवात पाठवतेय : 'द्राक्ष हे अत्यंत गुणकारी फळ असून प्राचीन काळापासून मानव त्याचा आहारात उपयोग करत आला आहे.'

उत्तर : ताई, सही अजिबात करू नका, त्याचं कारण खाली सांगते, पण आधी लेखाचं बोलू कारण सगळं तिथंच अडलंय. ही सुरुवात कुणीही लिहील हो, त्याला तासगावात राहायची गरज नाही. तुमचा वाचक मोबाइल हातात घेऊन शेडवर उभा आहे, आभाळ भरून आलंय आणि तो सर्च करतोय 'बेदाणा काळा पडतोय काय करावं'. त्याला प्राचीन काळ नकोय. तुमच्याच लेखात पाचव्या परिच्छेदात एक वाक्य सापडलं, 'रॅकवर माल असताना पाऊस आला की आम्ही आधी बाजूचे कागद सोडतो, मग आतला दमटपणा बघतो', हेच पहिलं वाक्य करा!! शीर्षकातही लोक टाइप करतात तेच शब्द घ्या. मग द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायचं डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटचं द्रावण तुम्ही कसं करता, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा पडतो तर सौद्यात किती दर मिळाला की परवडतं, असा एकेका प्रश्नाला एकेक लेख. परिच्छेद छोटे ठेवा आणि फोटो स्वतःच्या शेडचेच टाका.

आता पैसे. अ‍ॅडसेन्समध्ये 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टानं पिन येतो, तो टाकला नाही तर पेमेंट अडकून राहतं, त्यामुळे वाडीवस्तीवरचा पत्ता असेल तर पोस्टमनदादांना आधीच सांगून ठेवा. पण खरं सांगू का, नुसत्या जाहिरातींवर मराठीत घर चालणं अवघड आहे. हेच लेख दाखवून काम मागा : ठिबकवाले, रोपवाटिका, शेतीचे यूट्यूब चॅनल, यांना शेतकऱ्याच्या भाषेत लिहिणारं माणूस हवं असतं आणि ते मिळत नाही. आणि घरचा बेदाणा अर्ध्या किलोच्या पाकिटात स्वतः विकायचा विचार करा, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या, लेख वाचून विश्वास बसलेला माणूस तुमच्याकडूनच घेईल, मला तर यातच जास्त पैसा दिसतो.

आता त्या मेलचं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर त्यांनी 'कायमस्वरूपी' असं स्पष्ट लिहिलंय! त्यांना कळवा की दोन वर्षांसाठी फक्त वापरायची परवानगी देते, माझ्या नावानिशी, पुस्तक आणि ऑडिओचे हक्क माझ्याकडे. नाही म्हणाले तर राहू दे. उद्या याच लेखांचं अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक करता येईल, तिथं मराठी चालतं, रॉयल्टी 35 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 हवी असेल तर बाकीच्या अटींबरोबर त्यांच्याच केडीपी सिलेक्ट या योजनेत जावं लागतं, म्हणजे पुस्तक तिथं आहे तोवर तो मजकूर दुसरीकडे डिजिटल ठेवता येत नाही, हे बघून ठरवा. हक्कच विकून बसलात तर यातलं काहीच करता येणार नाही.

प्रश्न : एका पोर्टलनं मानधनातून 10 टक्के कापले. हे फसवताहेत का? (बेळगाव)

उत्तर : नाही, तो टीडीएस असणार, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर ती रक्कम जमा दिसते का बघा, दिसत नसेल तर त्यांच्या अकाउंट्सवाल्यांच्या मागे लागा. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून पैसे परत मिळतात. पॅन दिला नसेल तर लगेच द्या, नाहीतर 20 टक्के कापतात.