ज्या क्रूझवर अभ्यासपूर्ण व्याख्यानं होतात, अशा क्रूझ कशा शोधायच्या?

तुमच्या प्रश्नापेक्षा प्रश्नाखालच्या ओळींमुळे लिहायला बसले. आई-वडिलांना क्रूझवर न्यायचंय, वडिलांना ऐकायची-वाचायची आवड आहे, आणि घरातले म्हणतात, ‘सुट्टीवर जाऊन लेक्चर कोण ऐकतं?’ आमच्याकडे हे वाक्य माझा मोठा भाऊ म्हणतो. गेली काही वर्षं सणावाराला सगळे जमलो की एकदा तरी म्हणतो.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. पोरांना घेऊन कासचा जांभा दाखवायचा, पन्हाळ्याजवळ बांदिवड्याचे बसाल्टचे खांब दाखवायचे, लोणारला मुक्काम करायचा, हे दर वर्षी ठरलेलं. हिमनदी मात्र त्यांनी आयुष्यभर फळ्यावर शिकवली. यू आकाराची दरी, हिमगव्हर, लोंबती दरी, हिमोढ (हिमनदीने वाहून आणलेली दगड-माती), मेषशिला, सगळं खडूनं. महाराष्ट्रात दाखवणार तरी कुठे? आणि हिमालयात जायचं तर आईचे गुडघे.

निवृत्तीनंतर दादाने त्यांना पहिल्यांदा क्रूझवर नेलं ते सिंगापूरहून, एका टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर. बुकिंगच्या वेळी मी मुद्दाम विचारलं होतं की बोटीवर व्याख्यानं असतात का. ‘हो मॅडम, रोज एनरिचमेंट प्रोग्रॅम असतो.’ प्रत्यक्षात काय होतं? पुढच्या बंदरात हिरे आणि घड्याळं कोणत्या दुकानातून घ्यायची, याचं एक तासाचं भाषण. एक नॅपकिनच्या घड्या घालायचा वर्ग. एकच खरं व्याख्यान होतं, मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या व्यापाराच्या इतिहासावर, आणि नेमक्या त्याच वेळी टूर मॅनेजरने आपल्या ग्रुपची अंताक्षरी लावली. अण्णा उठून निघाले तर लोक म्हणाले, ‘सर, बसा हो, आता कसला अभ्यास!’ ते बसले. त्यांना बसावं लागलं, याचा राग मला अजून आहे.

म्हणून पहिला मुद्दा ठामपणे सांगते. व्याख्यानं हवी असतील तर आपल्याकडच्या ग्रुप टूरने जाऊ नका. ग्रुपचा स्वतःचा कार्यक्रम असतो, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि एकट्याने बाजूला होणारा माणूस सगळ्यांना आगाऊ वाटतो. केबिन थेट क्रूझ कंपनीकडून किंवा फक्त तिकीट काढून देणाऱ्या एजंटकडून घ्या.

दुसरा मुद्दा. ‘एनरिचमेंट’ या एका शब्दावर अजिबात विश्वास ठेवू नका, त्यात सालसा नृत्यापासून व्हिस्कीच्या चवीपर्यंत काहीही बसतं. ‘पोर्ट टॉक’ किंवा ‘शॉपिंग टॉक’ म्हणजे बहुतेक वेळा जाहिरात असते, त्यात सुचवलेल्या दुकानांनी त्यासाठी पैसे मोजलेले असतात. तुम्हाला हवे असतात ‘गेस्ट स्पीकर’, ‘गेस्ट लेक्चरर’, ‘नॅचरलिस्ट’ (निसर्ग-अभ्यासक) किंवा ‘रेसिडेंट हिस्टोरियन’. कंपनीला सरळ ई-मेल करा: या तारखेच्या सफरीवर कोण बोलणार आहे, त्यांचा विषय काय, आणि ते पूर्ण सफरभर जहाजावर असतील का? नाव सांगता येत नसेल तर त्याच मार्गावरच्या मागच्या सफरीची रोजची पत्रकं मागा. बोटीवर रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद केबिनमध्ये येतो किंवा ॲपवर दिसतो. हौशी प्रवासी त्याचे फोटो इंटरनेटवर टाकतात, जहाजाचं नाव घालून शोधलं की सापडतात. ब्रोशर शंभर वेळा वाचण्यापेक्षा असे चार कागद वाचा.

मार्ग बघताना ‘सी डे’ मोजा, म्हणजे जहाज कुठेच न थांबता चालत राहतं ते दिवस. रोज नवं बंदर असलेल्या सफरीत माणसं संध्याकाळी थकून परततात. अशा वेळी कोण बोलणार आणि कोण ऐकणार?

आता अण्णांच्या दुसऱ्या सफरीबद्दल. अलास्का. दादाचा विरोध होता. एवढ्या पैशात त्यांना युरोप आरामात झाला असता, आणि ‘आयुष्यभर शिकवलं त्यांनी, आता तरी विश्रांती घेऊ दे’. मी ऐकलं नाही. जहाज काही छोटं, अभ्यासू लोकांचं वगैरे नव्हतं. दोन हजारांवर माणसं, कॅसिनो, रात्रीचे नाच-गाण्याचे शो, सगळं होतं. पण मी मार्ग बघून घेतलं होतं. ते ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये, म्हणजे हिमनद्यांच्या खाडीत, जाणारं होतं.

तिथली पद्धत अशी. दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना आत जायची परवानगी मिळते. खाडीच्या तोंडाशी पार्कची छोटी बोट येऊन जहाजाला चिकटते, आणि पार्कचे रेंजर शिडीने चढून वर येतात. दिवसभर ते जहाजावरच असतात, ब्रिजवरून (जहाज चालवतात त्या खोलीतून) लाउडस्पीकरवर माहिती देतात, थिएटरमध्ये बोलतात, डेकवर नकाशे घेऊन उभे राहतात. हे सरकारी रेंजर आहेत, त्यांना काहीही विकायचं नसतं. ऐकताना हा फरक लगेच कळतो.

त्या नकाशावर वर्षांच्या रेघा होत्या. अठराव्या शतकाच्या मध्यावर ही सगळी खाडी बर्फाने भरलेली होती. पुढे सरकणाऱ्या त्या बर्फानेच तिथल्या हूना टिंगिट लोकांना त्यांच्या मूळ गावांतून हुसकून लावलं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं आली तेव्हा बर्फाची भिंत खाडीच्या तोंडापाशीच होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर पोचला तोवर ती पन्नासएक किलोमीटर तरी आत गेली होती. आज वरच्या टोकाची हिमनदी बघायला तोंडापासून साधारण १०० किलोमीटर आत जावं लागतं. अण्णांचं बोट रेघेवरून रेघेवर सरकत होतं, आणि ते आईला मराठीत सांगत होते, ‘हे बघ, इतक्या लवकर! आपण पोरांना हजारो वर्षांच्या गोष्टी सांगतो, इथे पाच-सहा पिढ्यांत झालंय.’

शेवटी जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबलं. निळसर पांढरी, उभी भिंत. शेजारीच ग्रँड पॅसिफिक हिमनदी, ती पूर्ण काळी, बघितली तर दगड-मातीचा ढीग वाटेल. अण्णा रेंजरपाशी गेले. त्यांचं इंग्रजी वाचायचं आहे, बोलायचं नाही. पण त्यांनी विचारलं: दोन्ही एकाच खोऱ्यात, एकाच हवामानात, मग एक स्वच्छ आणि एक अशी का? रेंजर बाई त्यांच्याकडे वळली आणि सविस्तर बोलली. मार्जरीला फेअरवेदर पर्वतरांगेतल्या उंच भागातलं बर्फ मिळतं. ग्रँड पॅसिफिकवर दरडी कोसळलेल्या आहेत, तिला येऊन मिळणाऱ्या हिमनद्यांचे हिमोढ तिच्या पाठीवर साचलेत. अण्णांनी पुढे विचारलं, मग त्या थरामुळे खालचं बर्फ वितळायचं कमी होत असेल ना? ‘थर जाड असेल तर हो,’ ती म्हणाली, आणि त्यांना विचारलं, तुम्ही भूशास्त्राचे का? त्यांनी सांगितलं, शिकवत होतो. पुढचा बराच वेळ दोघं बर्फाबद्दल बोलत होते. बर्फ निळं दिसतं कारण दाबाने आतल्या हवेचे बुडबुडे निघून जातात आणि घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतं, हे अण्णांनी तिथे आजूबाजूच्या चार जणांना समजावून सांगितलं. ते थंडीत कानटोपी घालून उभे होते आणि मी त्यांना इतकं ताजंतवानं निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं. दादा म्हणतो तशी विश्रांती ती हीच, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आईने दगडांचं एकही व्याख्यान ऐकलं नाही. पण देवमाशांच्या व्याख्यानाला ती पहिल्या रांगेत होती. हम्पबॅक देवमासे उन्हाळा अलास्कात खाण्यात घालवतात आणि हिवाळ्यात पिल्लांसाठी हवाईकडे जातात, शेपटीच्या खालच्या बाजूच्या नक्षीवरून एकेक देवमासा ओळखता येतो, हे तिने परत आल्यावर सगळ्या भिशीला सांगितलं. म्हणजे कंटाळा येईल हे परस्पर ठरवणारे आपण कोण?

आणि ‘व्याख्यान म्हणजे काम, मौज नव्हे’ हे कुठून आलं? पुण्यात वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, भर उन्हाळ्यात. लोक कामावरून सुटून, हवा खायला बाहेर पडल्यासारखे तिथे जात आले. गणपतीत भाषणं ठेवणारा आपला समाज. बोटीवरही हे काल-परवाचं नाही. १९४४ ते १९४८ आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर पुढे स्वॅन हेलेनिक या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर ग्रीस आणि आसपासच्या प्राचीन स्थळांबद्दल बोलायचे. दादाला हे मी सांगितलंय. तो म्हणतो, व्हीलर वेगळे. वेगळे कसे?

तुमच्या यादीसाठी काही नावं. जहाजावरचं शिक्षण हाच मुख्य उद्देश असलेल्यांत लिंडब्लाड (नॅशनल जिओग्राफिकबरोबर) आणि एचएक्स या कंपन्या. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनीच १९६६ मध्ये सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं. अंटार्क्टिका आणि गॅलापागोस इथे तर माहितीसत्र टाळताच येत नाही. अंटार्क्टिकात किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येकाला नियम ऐकावे लागतात, एका वेळी १०० पेक्षा जास्त लोक उतरत नाहीत, आणि ५०० हून अधिक प्रवाशांचं जहाज कुणालाच उतरवत नाही. गॅलापागोसला राष्ट्रीय उद्यानाने मान्य केलेल्या वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ मध्ये सुरू झालेली आणि आता बर्गन ते किर्केनेस चालणारी हुर्टिग्रुटेनची सेवाही बघा. ती मुळात टपाल आणि मालवाहतुकीची, ३४ बंदरं घेते, आणि जहाजावर निसर्ग-इतिहास सांगणारी माणसं असतात. इतिहासाची आवड असेल तर व्हायकिंगची समुद्री जहाजं, तिथे कॅसिनो नाही आणि १८ वर्षांखालची मुलं घेत नाहीत. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणारी क्वीन मेरी २ मला वडीलधाऱ्यांसाठी फार आवडते. मधे बंदर नाही, रोज व्याख्यानं, मोठं ग्रंथालय आणि चक्क तारांगण. अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांना रोड स्कॉलर या संस्थेबद्दल विचारायला सांगा. ती १९७५ पासून खास ज्येष्ठांसाठी अभ्याससहली काढते.

मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर खाणं आणि करमणूक चांगली असते, पण व्याख्यानांच्या आशेने जाऊ नका. भारतातच करायचं असेल तर गंगा किंवा ब्रह्मपुत्रेवरच्या छोट्या नदीबोटी बघा. मोजके प्रवासी आणि सोबत सतत माहितगार गाइड असतो. भाव मात्र जबर.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. पाहुणे व्याख्याते बऱ्याचदा मानधनावर नसतात, फुकट किंवा स्वस्त केबिनच्या बदल्यात बोलतात, म्हणून दर्जा खाली-वर असतो. अलास्काला जाणारी सगळी जहाजं ग्लेशियर बेमध्ये जात नाहीत, मार्गावर ते नाव लिहिलंय का बघा. सिअॅटलहून सुटणारी जहाजंसुद्धा कॅनडात थांबतात, त्यामुळे अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. आणि तो वेळ खातो. सगळं इंग्रजीत असतं. वडिलांना ऐकू कमी येत असेल तर वीस मिनिटं आधी जाऊन पुढे बसा. बऱ्याच जहाजांवर तेच व्याख्यान नंतर केबिनमधल्या टीव्हीवर लावतात, तिथे आवाज वाढवून पुन्हा ऐकता येतं. अण्णा तसंच करायचे. वडिलांना खरंच नको असेल, तुम्हालाच हौस असेल, तर हे सगळं सोडून द्या आणि त्यांना डेकवर खुर्ची टाकून बसू द्या. पण हे त्यांना विचारा, घरातल्या बाकीच्यांना नाही.

खर्चाबद्दल कुणी बोललं तर माझ्याकडून एवढं सांगा: अलास्काचे पैसे अण्णांनी स्वतःच्या पेन्शनीतून साठवले होते. दादाला हे माहीत आहे, तरी तो बोलतो. आता अण्णांच्या मनात आइसलँड आहे, ज्वालामुखी आणि हिमनदी एकाच बेटावर. मी कंपन्यांना व्याख्यात्यांची नावं विचारायला सुरुवात केली आहे.