पत्रात तिचं वाक्य एकच

पत्र (संक्षेपात) : मुलगी बारावीला आहे, गुण उत्तम. तिनं डॉक्टर आणि पुढे हृदयरोगतज्ज्ञ व्हावं असं आम्ही ठरवलं आहे. तिला मात्र हृदयातल्या व्रणांचा आणि विजेचा कॉम्प्युटरवर अभ्यास करायचाय. म्हणते, ‘व्रणातून वीज जात नाही, तर बिघाड तिथूनच का सुरू होतो?’ मेलेल्या भागात अभ्यासण्यासारखं काय असणार? तिला समजवा.

उत्तर : आधी तुमच्याशीच बोलायला हवं. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ चार वेळा आलंय, टक्केवारी दशांशापर्यंत आहे, आणि मुलीचं वाक्य एकच, तेही खोडून काढण्यासाठी दिलेलं. असा प्रश्न पाठांतरातून सुचत नाही. तुम्ही मात्र त्याला हट्ट समजलात, आणि मला काळजी वाटते ती याचीच. ‘पुढे आवडेल’ या भरवशावर दहा-बारा वर्षांचं शिक्षण कुणावर लादू नये.

तुमचा समज अर्धा बरोबर आहे. हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूची जागा कोलॅजेन घेतं आणि त्यातून वीज वाहत नाही. पण व्रण सलग नसतो. त्यात, विशेषतः कडेला, जिवंत स्नायूपेशींचे बारीक धागे अडकून राहतात. पेशी-पेशींना जोडणारं कनेक्झिन ४३ हे प्रथिन तिथे कमी झालेलं, विस्कटलेलं असतं. वाटही नागमोडी होते. निरोगी स्नायूत तंतूंच्या दिशेनं ठोक्याची विजेची लहर सेकंदाला साधारण अर्धा मीटर जाते, इथे ती फार मंदावते. हिशेब करून पाहा. एकदा उत्तेजित झालेली पेशी पुढच्या लहरीसाठी सज्ज व्हायला ०.३ सेकंद लागतात असं धरलं, तर ०.५ मीटर वेगाच्या लहरीला गोल फिरत राहायला १५ सेंटीमीटरची वाट लागेल. वेग ०.०५ वर आला की दीड सेंटीमीटर पुरते, आणि तेवढी वाट व्रणात सहज मावते. मग लहर तिथेच फिरत राहते आणि ठोके बेफाम होतात : व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. घात करतात ते तगून राहिलेले धागे.

अ‍ॅब्लेशन म्हणजे बिघाडाची वाट जाळून बंद करण्याचा उपचार. तो करताना कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळीनं, हृदयाच्या आतून व्होल्टेजचा नकाशा काढतात. १.५ मिलिव्होल्टच्या वर निरोगी स्नायू, ०.५ च्या खाली दाट व्रण, मधला पट्टा कडेचा, असं ढोबळमानानं धरतात. नेमकी कोणती वाट जाळायची, हे ठरवायला गणित आणि संगणक लागतो. तिचा प्रश्न तिथला आहे.

महिनाभर तिला हे करू द्या. कॉम्प्युटरवर १०० बाय १०० चौकटींची जाळी, प्रत्येक चौकट शांत, उत्तेजित किंवा विश्रांतीत (म्हणजे काही काळ पुन्हा उत्तेजित न होणारी). मध्ये बंद चौकटींचा व्रण, त्यातून दोन चौकटी रुंद, संथ वाट. सुरुवातीला लहर बहुधा फिरणार नाही, कारण ती दोन्ही तोंडांतून शिरून आत समोरासमोर भिडते आणि विझते. एका तोंडाशी विश्रांतीचा काळ वाढवून दुसरा ठोका वेळेआधी द्यावा. ते तोंड बंद, दुसरं उघडं मिळालं तरच फेरा सुरू होतो. हे जुळवताना ती कंटाळली, तर तुमचं म्हणणं पुन्हा विचारात घेऊ.

वैद्यकीय प्रवेश परीक्षेतूनही या विषयात येता येतं. भौतिकशास्त्र, गणित किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंगमधूनही. तिचा प्रश्न पाहता मी दुसरी वाट सुचवेन, मात्र अवकल समीकरणांची (डिफरन्शियल इक्वेशन्सची) गोडी हवी.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते तपासू नका.