स्टडचे आटे गेले, भरपाई कोणी द्यायची?

साताऱ्याचे एक वाचक लिहितात: "टायर रोटेशन आणि बॅलन्सिंग करून घेतलं. दुकानातल्या पोराने नट हाताने न धरवता थेट नट आवळायच्या गनने चढवले. चौथ्या दिवशी चाक खडखडू लागलं. दुसऱ्या गॅरेजमध्ये खोललं तर एक स्टड (चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट) तुटलेला, आणखी दोन स्टडचे आटे गेलेले. दुकानदार म्हणतो, आधीपासूनच खराब होते. तरी फुकट बदलतो, पण 'काही तक्रार नाही' असं लिहून द्या. बिलावर 'गाडी बाहेर गेल्यावर जबाबदारी नाही' असं छापलंय. काय करू?"

सही करू नका, आणि गाडीही चालवू नका. दोष माहीत असून गाडी रस्त्यावर आणलीत तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190(1) तुमच्यावरच येतं: दंड 1,500 रुपये. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही. टोइंग करून न्या, पावती जपा.

तुटलेला स्टड भंगारात गेला असेल तर आजच शोधा. सगळी केस त्या बोटभर लोखंडावर आहे. तुटलेला भाग सगळा चकचकीत असेल तर तुटणं ताजं. अर्धा गंजून काळा असेल तर चीर जुनी, आणि मग दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही, हेही मान्य करावं लागेल. नट वाकडा चढला असेल तर स्टडच्या टोकाकडच्या आट्यांवर तिरके कापल्याची खूण दिसते. नटही ठेवा. दुरुस्तीआधी फोटो काढा आणि दुसऱ्या मेकॅनिककडून काय दिसलं ते तारीख-सहीनिशी लिहून घ्या.

बिलावरच्या त्या ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(11) मध्ये निष्काळजीपणा हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. ती छापील ओळीने पुसली जात नाही. 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं, एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही (माझ्या धंद्याला हे सांगणं परवडत नाही, तरी सांगतो). पण नुसत्या स्टडच्या किमतीसाठी मी तारखा घालवणार नाही. स्टड हबमध्ये (ज्यावर चाक बसतं त्या भागात) ठोकून बसवलेला असतो. ते भोक सैल झालं असेल तर हबच बदलावा लागतो, आणि खरा खर्च तिथे आहे.

म्हणून आधी हब तपासून घ्या. दुकानदाराला लिहूनच हवं असेल तर एवढंच द्या: "तीन स्टड बदलून मिळाले. हब व इतर नुकसानीबाबतचा हक्क राखून."