जपानीत ‘मी’साठी पुरुषाने कोणता शब्द वापरावा, आणि ‘तुम्ही’साठी ‘अनाता’ चालतं का?

जपानी कंपनीतल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करताना तुम्ही हे विचारलंय. प्रश्नाचा पहिला भाग चटकन उरकते. मुलाखतीत ‘वाताशी’ म्हणा. नोकरीला लागल्यावर, ओळख वाढली की जेवणाच्या सुट्टीत ‘बोकू’ चालून जाईल. ‘ओरे’ला इतक्यात हात लावू नका.

‘वाताशी’ बायकी वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. ही भीती ॲनिमे बघून आलेली आहे, ती काढून टाका. कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात कोणी ‘वाताशी’ म्हणाला तर अवघडल्यासारखं वाटेल, हे खरं. पण ऑफिसात, बँकेत, संसदेत पुरुष सर्रास ‘वाताशी’ म्हणतात, आणि प्रसंग फारच औपचारिक असला तर ‘वाताकुशी’. 1952 साली जपान सरकारच्या भाषा परिषदेने आदरार्थी भाषेबद्दल शिफारशी केल्या, त्यात स्वतःसाठी ‘वाताशी’ हाच प्रमाण शब्द धरला होता. ‘बोकू’ हा विद्यार्थ्यांचा शब्द, मुलगे शिकून बाहेर पडले की त्यांनी ‘वाताशी’वर यावं आणि शाळांनी तशी सवय लावावी, असंही त्यात होतं. ते सगळ्यांनी पाळलं असं नाही, चांगले पन्नाशीतले पुरुषही ‘बोकू’ म्हणताना ऐकू येतात. पण मुलाखत घेणाऱ्याच्या मनात ती रेघ अजून आहे. ‘ओरे’ हा काही शिवराळ शब्द नव्हे. नवरा बायकोशी बोलताना म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो, 2010 मध्ये तर त्याची कांजी, म्हणजे तो शब्द लिहायचं चिनी वळणाचं अक्षर, सरकारी नेहमीच्या वापराच्या यादीत आली. पण ‘ओरे’ म्हणायला समोरच्याशी सलगी लागते, आणि नवख्या माणसाने ती आपणहून दाखवायची नसते.

आता दुसरा भाग. डिक्शनरीत ‘अनाता’ म्हणजे ‘तुम्ही’ असं दिलंय, आदराचं दिसतंय, मग मुलाखतीत वापरलं तर बरोबर ना? नाही. मुळीच नाही. या एका शब्दापायी माझं काम गेलेलं आहे, तेही मी तो वापरला नाही म्हणून. तेव्हा यावर जरा सविस्तर लिहिणार आहे.

मी चाकणला एका जपानी कंपनीच्या कारखान्यात दुभाषी होते. नेमणूक एजन्सीमार्फत होती. प्रेस शॉपचे सुपरवायझर मावळातले, बोलायला सडेतोड, पण आदब सोडून कधी बोलायचे नाहीत. जपानी सल्लागार साठीच्या पुढचे, निवृत्तीनंतर कंपनीने परत बोलावलेले. एकदा सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर त्यांना म्हणाले, “साहेब, तुम्ही काल सांगितलंत की सेटिंग बदलू नका. पण तुम्ही दिलेल्या शीटमध्ये आकडा वेगळा आहे. तुम्ही एकदा बघता का?”

मराठीत या बोलण्यात वावगं काहीच नाही. मी जपानीत सांगितलं ते असं होतं: काल सेटिंग न बदलण्याबद्दल ‘उकागाइमाशिता’, मिळालेल्या शीटमधला आकडा वेगळा दिसतोय, एकदा तपासून ‘इतादाकेमासेन का’. यात ‘अनाता’ कुठेही नाही. पण ‘उकागाउ’ हे नम्रतेचं क्रियापद आहे. लहानाने मोठ्याकडून ऐकलं की ते वापरतात. म्हणजे ऐकणारा मी आणि सांगणारे तुम्ही, हे त्या क्रियापदातच आलं. ‘इतादाकु’चंही तेच, मोठ्याकडून आपल्याला काही मिळालं की तो शब्द. ‘तपासून इतादाकेमासेन का’ म्हटलं की तपासणारे तुम्ही आणि उपकार माझ्यावर, हे न सांगता कळतं. सुपरवायझर जे बोलले ते सगळं पोचलं, त्यांची आदबही पोचली. सल्लागारांनी शीट मागवलं, चष्मा कपाळावर सरकवला, आकडा पाहिला आणि “माझीच चूक” म्हणून जागेवर दुरुस्त केला.

मीटिंगा रेकॉर्ड व्हायच्या. एजन्सीच्या कोऑर्डिनेटरने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला बोलावून घेतलं. त्यांचं जपानी दोन परीक्षांपुरतं, सगळं इंग्रजीतून शिकलेलं. म्हणाले, “सुपरवायझरच्या बोलण्यात ‘तुम्ही’ तीनदा आहे, तुमच्या जपानीत ‘अनाता’ एकदाही नाही. क्लायंट पूर्ण भाषांतराचे पैसे देतो.” मी वर लिहिलं ते सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी डिक्शनरी उघडून माझ्यापुढे धरली. पुढे माझा करार वाढवला नाही, आणि कारण दिलं की शब्द गाळते.

माझ्या जागी जो मुलगा आला त्याला सक्त ताकीद होती, प्रत्येक ‘तुम्ही’ला ‘अनाता’. काही दिवसांनी सुपरवायझरांचा फोन आला. “मॅडम, साहेब आता माझ्याशी नीट बोलतच नाहीत हो. मी तर काही वेडंवाकडं बोललेलो नाही.” त्यांनी खरंच काही वेडंवाकडं बोललेलं नव्हतं. पण साठीच्या पुढच्या जपानी माणसाला रोज सकाळी सगळ्यांसमोर “अनाताने काल असं सांगितलं, अनाताच्या शीटमध्ये असं आहे” असं ऐकावं लागत होतं, आणि ते कानाला जाब विचारल्यासारखं लागतं. शब्दाला शब्द मोजून ठेवण्याच्या हट्टाने एका सरळ माणसाची प्रतिमा उद्धट ठरली. माझ्या करारापेक्षा मला याचा राग जास्त आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

‘अनाता’ कुठे चालतं तेही सांगते. बायको नवऱ्याला म्हणते, ते जिव्हाळ्याचं असतं. जाहिरातीत, सर्वेक्षणाच्या फॉर्मवर, जिथे वाचणारा कोण हे माहीत नाही, तिथे चालतं. वरचा खालच्याला म्हणू शकतो. 1952च्या त्याच शिफारशींत समोरच्यासाठी ‘अनाता’ प्रमाण धरलं होतं, पण लोकांनी ते साहेबाच्या, शिक्षकाच्या, गिऱ्हाइकाच्या बाबतीत स्वीकारलंच नाही. जपानीत समोरच्यासाठी असलेल्या शब्दांचं हे जुनंच दुखणं आहे. ‘ओमाए’ आणि ‘किसामा’ हे दोन्ही एके काळी आदराचे शब्द होते. आज ‘ओमाए’ फक्त जवळच्या मित्राला किंवा दरडावताना, आणि ‘किसामा’ म्हणजे सरळ शिवी. वापरून वापरून आदर झिजतो, म्हणून लोक थेट बोट दाखवणारा शब्दच टाळतात आणि नाव, हुद्दा किंवा नातं घेतात. समोरच्याचं आडनाव सातो असेल तर “तुम्ही काय घेणार?” असं न विचारता “सातो-सान काय घेणार?” असं सातोंनाच विचारायचं. शिक्षकांना ‘सेन्सेइ’, विभागप्रमुखांना ‘बुचो’.

हे मराठी माणसाला जड का जावं, हे मला खरंच कळत नाही. आपण साहेबांच्या तोंडावर “साहेब चहा घेणार का?” म्हणतो. दुकानदार समोर उभ्या असलेल्या बाईला “ताईंना कुठला रंग दाखवू?” विचारतो. घरात धाकटं मूल आलं की आईबाप स्वतःच्या थोरल्या मुलाला ‘दादा’ म्हणू लागतात, आणि धाकट्याला मात्र नावाने हाक मारतात. जपानी घरात अगदी हेच चालतं. थोरल्याला आई ‘ओनिइचान’ म्हणते, म्हणजे दादा. धाकट्याला नाव. बाप मुलांशी बोलताना स्वतःला ‘ओतोसान’, म्हणजे बाबा, म्हणतो, वर्गात शिक्षक स्वतःचा उल्लेख ‘सेन्सेइ’ असा करतात. रस्त्यात चुकलेल्या छोट्या मुलाला अनोळखी बाई “बोकू, किती वर्षांचा?” असं विचारते, म्हणजे त्याचा ‘मी’ ती त्याच्यासाठीच वापरते, कारण बोलताना ती त्या पोराच्या जागी उभी राहते. घरात हे सगळं कानावर पडलेला माणूस जपानी शिकायला बसला की इंग्रजीच्या ‘आय’ आणि ‘यू’चे खण करून त्यात जपानी शब्द भरत बसतो. पुण्यात इतके लोक जपानी शिकतात आणि बहुतेक सगळे इंग्रजीच्या दारातून आत जातात. मराठीतून शिकवा, निम्मी अडचण जागेवर संपेल, हे मी त्या कोऑर्डिनेटरनाही सांगितलं होतं.

मराठीमुळे सगळंच सोपं होतं असंही नाही. आपला ‘मी’ सगळ्यांना सारखा, बाई की पुरुष ते क्रियापद सांगतं. जपानीत उलटं आहे. ‘इकु’ म्हणजे जातो, जाते, जातोस, जाल, सगळंच. बोलणारा कसा आहे ते ‘ओरे’ किंवा ‘आताशी’ (बायकांच्या तोंडचा ‘मी’) यावरून कळणार. सल्लागारांचं बोलणं मराठीत आणताना मला “मी उद्या लाइनवर येतो, मी स्वतः उभा राहतो” असं बायकी आवाजात पुरुषी क्रियापद लावून बोलावं लागायचं. सुरुवातीला पोरं हसायची, मग सवय झाली. सुपरवायझरांचं बोलणं जपानीत नेताना हा प्रश्नच येत नसे, ‘वाताशी’ दोघांनाही चालतं.

खरी कसरत ‘वारेवारे’ला व्हायची. म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही. सल्लागार म्हणाले, वारेवारेला हे रिजेक्शन कमी करावं लागेल. आता यात लाइनवरची माणसं धरली आहेत का, की फक्त जपानहून आलेले? ‘आम्ही’ म्हटलं तर पोरं हात बांधून बघत राहणार, ‘आपण’ म्हटलं तर आज रात्रपाळीपासून कामाला लागणार. मी दर वेळी थांबून त्यांना विचारत असे, यात इथले लोक धरायचे का. त्यांना हे विचारणं आवडायचं. एकदा त्यांनी मान हलवली, नाकाच्या शेंड्याला बोट लावलं (जपानी माणूस ‘मी’ म्हणताना छातीवर हात ठेवत नाही, नाकाकडे बोट नेतो), मग तेच बोट गोल फिरवून सगळ्यांवरून नेलं. मी ‘आपण’ म्हटलं. भाषांतर पूर्ण होणं म्हणजे हे. तीनाला तीन जुळवणं नव्हे.

याच गृहस्थांमुळे ‘मी’चा हिशोब मला जवळून बघता आला. मीटिंगमध्ये ते ‘वाताशी’. कँटीनमध्ये ताट घेऊन आमच्यासोबत बसले की ‘बोकू’. आणि एकदा जेवता जेवता गावाकडच्या मित्राचा फोन आला, तर क्षणात ‘ओरे’, आवाजही खाली आणि मोकळा. फोन ठेवून माझ्याकडे वळले ते पुन्हा ‘बोकू’. तेव्हा ‘पुरुषाने कोणता वापरावा’ याला एक उत्तर नाही. एकाच माणसाकडे तीन असतात आणि समोर कोण आहे त्यावर ठरतं. अगदी सम्राटसुद्धा यातून सुटले नाहीत. 15 ऑगस्ट 1945 ला रेडिओवरून युद्धसमाप्तीची घोषणा करताना सम्राटांनी स्वतःला ‘चिन’ म्हटलं, हा फक्त सम्राटांचा ‘मी’. आज तो शब्द सम्राटही वापरत नाहीत.

मी वर जे लिहिलंय ते टोकियोच्या प्रमाण भाषेपुरतं आणि ऑफिसच्या वातावरणापुरतं धरा. ओसाकाकडे ‘जिबुन’ म्हणजे ‘तू’ होतं, आणि बाकी ठिकाणी पोलिसांत किंवा खेळाच्या क्लबात तोच शब्द ‘मी’ असतो. तोहोकूकडच्या म्हाताऱ्या बायका ‘ओरे’ म्हणतात आणि त्यात पुरुषी काही नाही. ‘किमी’ साहेब हाताखालच्याला म्हणतो, तुम्ही साहेबाला म्हणू नका. कोर्टात किंवा पोलिस चौकशीत दुभाष्याला कोणी कोणाला उद्देशून बोललं ते काटेकोर ठेवावंच लागतं, तिथले नियम निराळे, कारखान्याचा हिशोब तिथे लावू नका.

तुमच्या मुलाखतीसाठी एवढं करा. कंपनीबद्दल बोलताना ‘अनाताची कंपनी’ अजिबात नको. तोंडी ‘ओन्शा’ म्हणायचं, अर्जात लिहिताना ‘किशा’. मुलाखत घेणाऱ्यांनी आडनाव सांगितलं की ते लगेच मनात पक्कं करा आणि ‘सान’ लावून तेच वापरा. नाव ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. स्वतःची ओळख करून देताना पहिल्या वाक्यात एकदा ‘वाताशी’ येऊ द्या, पुढच्या वाक्यांतून काढून टाका. आणि घरी सराव करताना क्लासमधल्या कोणी “यात ‘यू’ कुठे गेलं?” असं विचारलंच, तर त्याला ‘इतादाकु’ आणि ‘कुदासारु’ (मोठ्याने आपल्याला काही दिलं की वापरतात ते) ही दोन क्रियापदं नीट करून यायला सांगा.