अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय? आधी एवढं बघा

नवा आयफोन हातात आला की लगेच सिम घालून वापरायला लागू नका. बहुतेकांची गडबड इथेच होते. जुन्या फोनवर अ‍ॅपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅप घ्या आणि आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच डेटा हलवा. दोन्ही फोन चार्जरला लावा आणि काम संपेपर्यंत त्यांना हात लावू नका.

व्हॉट्सअ‍ॅपची मात्र खास काळजी घ्या. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही, त्यामुळे ‘बॅकअप आहे ना’ म्हणून निश्चिंत राहू नका. ‘मूव्ह टू आयओएस’मध्येच व्हॉट्सअ‍ॅप निवडा आणि नंबर तोच ठेवा.

सिमवर किंवा फोनमध्येच साठवलेले नंबर आधी गूगल खात्यात घ्या.

यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स नव्याने नोंदवावी लागतात. त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. ते संपूर्ण चालू होईपर्यंत जुन्या फोनमधला डेटा पुसू नका, तो फोन विकूही नका. पैसे देऊन घेतलेली अ‍ॅप्स बहुधा पुन्हा विकत घ्यावी लागतील.

मागे जायचं बटण शोधू नका, डाव्या कडेवरून बोट आत सरकवा. हात लवकर बसेल. बाकी सेटिंग्जचं नंतर बघू.